पावसातलं खाजन रंगवताना हिरवा फसतो, आणि एक दार चुकलं

मांडवीपार
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी चित्रकार वगैरे नाही, पणजीत एका हापिसात हिशेब सांभाळतो. सहा वर्षांपूर्वी जलरंगांची पेटी घेतली आणि तेव्हापासून रविवारची सकाळ तिच्या नावावर करून टाकलीय. घर रायबंदरला, त्यामुळे फेरीबोटीत चढलं की थोड्या वेळात चोडण बेट. धक्क्यावरून बांधाच्या वाटेला लागायचं, छत्री रोवायची, बसायचं.

उन्हाळ्यात माझी चित्रं बऱ्यापैकी होतात. सावली असते, चिऱ्यांच्या भिंती असतात, आकाश सोपं असतं. पाऊस लागला की मात्र सगळं हातातून जातं. समोर शेत इतकं सुंदर दिसतं की छातीत कालवतं, आणि कागदावर उतरतो तो प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ. सॅप ग्रीन वापरून पाहिला, व्हिरिडियन वापरून पाहिला, दोन्ही एकत्र करून पाहिले. एकदा तर बायकोने विचारलं, हे क्रिकेटचं मैदान का?

त्यातून कागद वाळत नाही. ३०० जीएसएमचा चांगला कॉटन कागद आहे, तरी पहिला वॉश (रंगाचा पातळ, ओला हात) अर्धा तास ओलाच. वाट पाहायची की पुढे जायचं ते कळत नाही. पुढे गेलो की कोबीच्या फुलासारखे डाग फुटतात.

तर मुख्य प्रश्न: पावसाळ्यातला हिरवा कसा लावायचा?

जाता जाता एक गंमत. या चित्रात मी मानस काढली होती. बाहेरच्या वाचकांसाठी: खाजन म्हणजे बांध घालून नदीच्या भरतीपासून राखलेलं सखल शेत. त्या बांधात नदी आणि शेत यांच्यामध्ये लाकडी दारं असतात, ती मानस. दोन रविवार बसून चित्र पुरं केलं, दोन्ही दिवशी सकाळी साडेसातची वेळ धरून. शेवटचा हात फिरवत होतो तेवढ्यात मागून एक शेतकरी काका आले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बाबा, भरती आसा आनी मानस उगडी? शेत बुडयलें मरे तुवें." आणि गेले. मी जे दिसलं तेच काढलं होतं हो! अजून कळलेलं नाही माझं काय चुकलं.

---

अर्धवट_स्केच
रविवार, रात्री ११.१५

टेबलक्लॉथवरून हसू आलं, कारण माझ्याकडे तेच आहे, फक्त पुण्यात. मी सरळ फोटोवरून काम करतो. पावसात बसून कागद भिजवण्यात काय मिळतं मला समजत नाही. फोन आहे, घरी येऊन निवांत रंगवा.

---

जलरंगी
सोमवार, सकाळी ६.०५

मांडवीपार, सहा वर्षांत हा प्रश्न पडला म्हणजे तुमची गाडी बरोबर रस्त्यावर आहे. मला पडायला अकरा लागली. मी फोंड्याचा, चित्रं विकून पोट भरतो, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

आधी हिरव्याचं बाजूला ठेवा. पावसाळी ढगाळ दिवशी उजेड कुठून येतो? वरून. संपूर्ण आकाशच दिवा झालेलं असतं. म्हणजे जे आडवं पसरलंय त्याला सगळ्यात जास्त उजेड: आधी आकाश, मग पाणी, मग शेत. जे उभं आहे ते काळोखं: झाडं, बांधाची बाजू, माडाचं खोड. तुमचं क्रिकेटचं मैदान होतं ते रंगामुळे होत असेल असं मला वाटत नाही. शेताचा हिरवा आणि मागच्या झाडांचा हिरवा तुम्ही जवळपास एकाच गडदपणाचा लावता. मग शेत आडवं झोपत नाही, भिंतीसारखं उभं राहतं. फोर-बी पेन्सिलने आधी पोस्टकार्डाएवढं काळंपांढरं करून पाहा. शेत अगदी फिकं, झाडं अगदी गडद. त्यात शेत आडवं झोपलं की अर्धं काम झालं.

आता हिरवा. ट्यूबमधला हिरवा वापरू नका असं सरसकट सांगणारे लोक मला आवडत नाहीत, सॅप ग्रीन मीही वापरतो. पण तो कच्चा लावायचा नाही, त्यात बर्न्ट सिएनाचं (तांबूस तपकिरी रंगाचं) बोट बुडवायचं. बाकी माझ्या ताटलीत दोन निळे (प्रशियन आणि अल्ट्रामरिन), दोन पिवळे (लेमन आणि ऑकर) आणि एक बर्न्ट सिएना. पावसाळाभर एवढंच. कोवळ्या भाताला लेमन, त्यात प्रशियनचा थेंब, आणि भरपूर पाणी. माडाला प्रशियन, ऑकर, थोडा सिएना. कांदळाच्या (खारफुटीच्या) रांगेला अल्ट्रामरिन, ऑकर. लांबच्या डोंगरात पिवळा घालायचाच नाही, अल्ट्रामरिन आणि सिएना यांचा करडा, बस्स.

आणि हे महत्त्वाचं. आपल्याकडे माती लाल. उघडीप पडली की बांधावरची ती लाल माती खालून पानांवर उजेड फेकते. बांधालगतच्या गवताच्या, केळीच्या पानांच्या पोटाशी एक तांबूस ऊब दिसते. इंग्लंडच्या हिरव्यावर शिकवलेल्या व्हिडिओंत हे येणार नाही, त्यांची माती तशी नाही. सिएनाचं बोट बुडवा म्हणतो ते यासाठी.

कागदाचं दुपारी लिहितो, आता उघडीप आहे, निघालो.

---

लाल_माती
सोमवार, सकाळी ९.३०

जलरंगी काकांनी सिएना म्हटलं म्हणून सांगतो. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली माती, तिचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साईडचा. आपला जांभा लाल आहे तोही त्याच कारणाने. मग मी विचार केला, ट्यूब कशाला विकत घ्यायची?

डिचोलीला आमच्या मागच्या दारी मातीच माती. तीन मुठी घेतली, बादलीभर पाण्यात ढवळली, मिनिटभर थांबलो की वाळू खाली बसते, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात. असं चार वेळा. शेवटचं गढूळ पाणी रात्रभर ठेवलं, खाली लोण्यासारखा गाळ बसला. तो वाळवून पाट्यावर बाभळीचा डिंक आणि थोडा मध घालून घोटला. आईने पाटा आठवडाभर मला दाखवायचा म्हणून तसाच ठेवला होता, धुतला नाही.

रंग? सुंदर. ट्यूबपेक्षा जड, कागदावर दाणेदार बसतो, चिऱ्याच्या भिंतीला तर जणू चिराच लावल्यासारखा. पण पावसाळ्यात चार दिवसांत वर बुरशी. मध घातल्याची शिक्षा.

---

जलरंगी
सोमवार, दुपारी ३.२०

लाल_माती, शाब्बास. घोटताना लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाका, बुरशी लांब राहते. पेटीतल्या रंगांनाही तेच. आणि तुम्ही केलंत ते आपल्याकडे नवीन नाही. देवळांच्या भिंतींवर कावी काम पाहिलंय ना? चुन्याच्या गिलाव्यावर काव, म्हणजे लाल मातीचा थर, आणि तो ओला असताना खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. आपल्या बाजूचा कलाकार पायाखालच्या मातीनेच रंगवत आला आहे.

आता कागद. ओला राहतो याला उपाय नाही, म्हणून त्याचा फायदा घ्यायचा. कोबीची फुलं फुटतात कारण तुमच्या ब्रशातलं पाणी कागदावरल्या पाण्यापेक्षा जास्त असतं. दुसऱ्यांदा ब्रश नेताना तो फडक्याला टिपून, रंग दाट करून न्या. ओल्या कागदावर ओला ब्रश नाही, ओल्या कागदावर दमट ब्रश. अर्धा तास ओला कागद म्हणजे धुकं, पावसाचे पडदे, लांबची झाडं या सगळ्याला मिळालेला अर्धा तास. मार्चमध्ये तो तीन मिनिटं मिळतो, तेव्हा रडता. बोर्ड थोडा तिरका ठेवा, दहा-पंधरा अंश, म्हणजे पाणी साचून माघारी फिरणार नाही.

आणि साठवलेला कागद तपासा. कागदाला सरस लावलेला असतो म्हणून रंग वर राहतो. दमट हवेत तो सरस ठिकठिकाणी मरतो. कोरा असताना काही दिसत नाही, वॉश मारला की तिळासारखे गडद ठिपके उगवतात. मग तो कागद सरावाचा. नवा कागद आणला की हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा. आमच्याकडे तांदळाच्या डब्यात ठेवायचीही पद्धत होती, पण मग घरचे तांदूळ काढताना कागदावर हात पुसतात.

---

अर्धवट_स्केच
सोमवार, संध्याकाळी ७.००

माझ्या फोटोच्या मुद्द्याला कोणीच उत्तर दिलं नाही :)

---

कुळागर
सोमवार, रात्री ८.१०

मी देतो. काल सावईवेऱ्याला आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) फोनने फोटो काढला. पोफळींच्या खाली दुपारी इतका काळोख असतो की पाटाचं पाणी फक्त चकाकीवरून कळतं. फोनने तो काळोख उजळून टाकला, हिरवा भडक केला, आणि वरून पडलेले उन्हाचे कवडसे पांढरे फट्ट करून टाकले. प्रत्यक्षात कवडसा पांढरा नसतो. मिरवेलीच्या पानावर पडतो तेव्हा पिवळसर, सुपारीच्या खोडावर पडतो तेव्हा करडा-गुलाबी. फोटोवरून रंगवलंत तर फोनने काढलेलं चित्र रंगवाल.

---

जलरंगी
सोमवार, रात्री ९.००

मी इतका कडक नाही. पाऊस कोसळत असेल तर मीही गाडीत बसून फोटो काढतो. फक्त त्याआधी दहा मिनिटांचं पेन्सिलचं टिपण करतो आणि त्यावर शब्दांत लिहितो: "डोंगर आकाशाहून जेमतेम गडद", "पाण्यात माडाचं प्रतिबिंब माडाहून फिकं". हे दुसरं तर हमखास लिहितो. गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं फिकं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद पडतं, फोटोत हे पुष्कळदा हरवतं. घरी आल्यावर फोटोचं आणि टिपणाचं भांडण झालं तर टिपण जिंकतं.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी जाऊन तेच तळं पुन्हा पुन्हा रंगवायचे. फ्रान्सच्या मोनेने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या त्याच गंजी वेगवेगळ्या उजेडात काढल्या. एकाच जागी परत परत जाण्यात वेडेपणा नाही, दुसऱ्या खेपेला जागा जास्त बोलते.

---

नुस्त्याक_गेलो
मंगळवार, सकाळी ५.५०

तुम्हा चित्रकारांचं चालू द्या. मी गरी टाकणारा माणूस. पण मांडवीपार भाऊ, तुमच्या मानशीचा गुंता मी सोडवतो, त्यासाठी चित्र पाहायलाही नको.

तुम्ही म्हणता दोन रविवार, दोन्हीकडे सकाळी साडेसात. बरोबर? भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत झाले जवळपास सहा तास. भरती ते ओहोटी अंतर किती? सव्वासहा तासांच्या आसपास. म्हणजे पहिल्या रविवारी साडेसातला भरती असेल तर पुढच्या रविवारी साडेसातला पाणी पार खाली. पहिल्या रविवारी तुम्ही पाणी रंगवलंत, तुडुंब. दुसऱ्या रविवारी मानस रंगवलीत, ओहोटी होती म्हणून दारं उघडी. एकाच कागदावर अर्धी भरती, अर्धी ओहोटी. काकांनी बघताक्षणी पकडलं!

पंधरा दिवसांनी गेला असता तर चुकला नसता. आम्ही रविवार एक सोडून एक जातो ते याचसाठी.

---

मांडवीपार
मंगळवार, सकाळी ८.४५

बाप रे. बसमध्ये बसून वाचतोय आणि कपाळावर हात मारून घेतलाय. बरोबर. पहिल्या रविवारी पाणी बांधाच्या पोटाशी होतं, मला ते चकाकणारं पाणीच हवं होतं म्हणून मी आधी तेच उरकलं. मानस पुढच्या वेळेसाठी ठेवली, कारण ती अवघड. पुढच्या वेळी समोर चिखल होता, पण माझं पाणी आधीच रंगवून झालं होतं, म्हणून मी फक्त दारांकडे पाहिलं.

हिशेब सांभाळतो मी. हिशेब!

---

खाजनकन्या
मंगळवार, दुपारी १.३०

हा धागा वाचून बोलल्याशिवाय राहवेना. माझं माहेर चोडण. आजोबांचं शेत याच बांधाच्या आत होतं, मांडवीपार भाऊ कदाचित त्याच मानशीसमोर बसतात.

मानशीचं दार कुणी उघडत-बंद करत नाही, हे आधी समजून घ्या. दार नदीच्या बाजूला उघडतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की शेतातलं साचलेलं पाणी आतून दार ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की नदीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपलं आपण मिटतं. माणसाचं काम एवढंच, की दाराला ओंडका, जलपर्णी अडकली तर काढायची आणि फळ्या कुजल्या तर बदलायच्या. आजोबा रात्री भरतीच्या वेळेला अंथरुणातून ऐकायचे. दार आपटल्याचा एक आवाज येतो, धप्प. तो आला की कूस बदलायचे. नाही आला तर कंदील घेऊन उठायचे.

म्हणून त्या काकांना तुमचं चित्र पाहवलं नसेल. तुम्हाला ते दृश्य आहे, त्यांना ती रात्र आठवली.

दार खारं पाणीही बाहेर ठेवतं. पण हे म्हटलं की कोणीतरी म्हणेल, पावसात नदीचं पाणी गोडंच असतं. खरंय, जुलैत नदी इतकी भरून वाहते की पाणी फारसं खारं राहत नाही, तेव्हा भय बुडण्याचं. मिठाचं भय पाऊस ओढ देतो तेव्हाचं. मुळात पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन गेल्याशिवाय खाजनात पेरताच येत नाही, आणि पेरायचं तेही कोरगुटासारखं खारं सोसणारं भात.

आता हिरव्याबद्दल माझंही थोडं. जलरंगी काकांच्या रंगांपुढे बोलायचं धाडस करतेय. तुम्ही भाताला एक हिरवा सांगितलात, कोवळ्याचा. लावणीच्या शेतात दर पंधरवड्याला हिरवा बदलतो. तरवा (लावणीआधीची रोपं) लिंबासारखा. उपटून लावला की आठवडाभर रोपं रुसतात, पिवळट, मरगळलेली. मुळं धरली की एकदम गडद, निळसर. पोटरीला आलं की तो निळा जातो, आणि कणसं वाकली की वर तांबूस पिवळं, खाली अजून हिरवं. लांबून पाहून कोणतं शेत कधी लावलं ते आजी ओळखायची. रंगावरून.

---

जलरंगी
मंगळवार, रात्री ८.३०

ताई, माफी. तुमचा परिच्छेद छापून माझ्या ताटलीशेजारी चिकटवला आहे. इतकी वर्षं मी "भाताचा हिरवा" म्हणून एक मिश्रण करून ठेवत होतो. रुसलेल्या रोपांचा पिवळा मी माझा दोष समजून पुसून टाकत आलो.

---

अर्धवट_स्केच
मंगळवार, रात्री ९.१०

ताई, दाराचा आवाज... वा. वाचनखूण साठवली. फोटोवाल्या मुद्द्यावर मी शस्त्रं खाली ठेवली आहेत.

एक शंका. गोव्याच्या निसर्गचित्रांत मला नेहमी तेच दिसतं: किनारा, होडी, माड, सूर्यास्त, पांढरं चर्च. इथे कोणी वेगळं करतंय का? जुन्यांपैकी कोण बघावं?

---

मांडवीपार
बुधवार, रात्री १०.००

जुन्यांपैकी आंतोनियो शावियेर त्रिंदाद (१८७०-१९३५). सांग्याचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. पणजीत फोंतेन्यला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत त्यांची चित्रं कायमची मांडलेली आहेत, आत जाऊन बसा. मुख्य नाव व्यक्तिचित्रांसाठी, पण उजेड कसा हाताळायचा ते पाहायला व्यक्तिचित्रंही चालतात. एका बाईच्या मांडीवरल्या कापडात मी अर्धा तास घालवला. सावलीतला पांढरा किती रंगांचा असतो!

मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) आपल्या सगळ्यांच्या घरात दिवाळी अंकांमधून आले. लक्ष्मण पै (१९२६-२०२१) हेही मडगावचेच, आल्तिन्योच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचा निसर्ग माझ्या आवाक्याबाहेरचा, डोंगर आणि झाडं रेषेच्या लयीत नाचतात. मला हेवा वाटतो, नक्कल करता येत नाही.

---

लाल_माती
बुधवार, रात्री ११.३०

चर्च-होडी-माड यावर माझं एक गाऱ्हाणं. आमच्या डिचोली-सत्तरीकडे कोणी रंगवायला येतच नाही, आले तर मये तलावावर थांबतात. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. त्या काळात मी मोठा झालो. बंद खाणींचे खड्डे पाण्याने भरलेत. कापलेली माती पायऱ्यापायऱ्यांची, लाल, जांभळी, मध्येच पिवळा ऑकर, आणि खाली हिरवट निळं पाणी. रंगांच्या दृष्टीने पाहिलं तर पूर्ण गोव्यात याच्यासारखं काही नाही. मी तीन चित्रं केली. एका प्रदर्शनासाठी पाठवली तर "विषय उदास आहे" म्हणून परत आली. उदास! ते पाणी माझ्या चित्रातलं सगळ्यात चमकदार पाणी आहे.

---

खाजनकन्या
गुरुवार, सकाळी ७.४०

लाल_माती, तुझी चित्रं बघायची आहेत मला.

यावरून एक कडू गोष्ट सांगते, रागावू नका. खाजनात खारफुटीचं चित्र सगळ्यांना आवडतं: स्तब्ध पाणी, त्यात कांदळाच्या कमानीसारख्या मुळ्या, एक बगळा. मलाही आवडतं. पण नदीच्या बाजूची खारफुटी वेगळी आणि बांधाच्या आतली वेगळी. बाहेरची बांधाला लाटांपासून राखते. आत जर खारफुटी उगवली असेल तर समजायचं, बांध फुटला होता, कोणी वेळेत बांधला नाही, खारं पाणी आत राहिलं आणि शेत गेलं. आमचं असंच गेलं. आता तिथे सुंदर दिसतं. परदेशी माणसं फोटो काढतात.

काढू नका असं म्हणत नाही. मी स्वतः फ्रेम करून लावीन. फक्त बांध चित्रात कुठे आहे ते दाखवा, म्हणजे बघणाऱ्याला कळेल आपण कोणत्या बाजूला उभे आहोत.

---

जलरंगी
गुरुवार, रात्री ९.४५

यावर मी दिवसभर विचार करत होतो. माझ्या भिंतीवर असंच एक चित्र आहे, "शांतता" नाव दिलंय. मागे बारीक रेघ आहे बांधाची, मधेच तुटलेली. ती तुटलेली रेघ मी रचनेसाठी तशी ठेवली होती, डोळ्याला वाट मिळावी म्हणून! नाव बदलावं लागणार.

खारफुटीच्या दोन जातींचा रंगही वेगळा लावावा लागतो, ते सांगून टाकतो. कांदळाचं पान गडद आणि तकतकीत, त्यावर आकाशाची पांढरी चमक पडते, ती कागद कोरा ठेवून मिळवायची. दुसरी ती, जिची श्वसनमुळं पेन्सिली खोचल्यासारखी चिखलातून वर येतात, तिच्या पानाच्या पाठीवर फिकट करडी झाक असते. वारा आला की झाड एकदम रुपेरी होतं. त्याला अल्ट्रामरिन-ऑकरमध्ये जरा पाणी वाढवायचं आणि कोरड्या ब्रशाने कागदाच्या खरबरीत अंगावरून ओढायचं. ती पेन्सिलीसारखी मुळं मात्र एकेक काढत बसू नका. पाच काढा, बाकीची बघणारा काढतो.

---

नुस्त्याक_गेलो
शुक्रवार, सकाळी ६.००

बगळा एकच का काढता सगळे? मानशीपाशी ओहोटीला दहा-बारा असतात. पाणी बाहेर धावतं त्यातून मासळी जाते, म्हणून. मानशीतल्या मासळीचा लिलाव होतो, तो हक्क घेतलेला माणूस जाळं लावून बसलेला असतो आणि बगळे त्याच्यावर डोळा ठेवून. एकटा ध्यानस्थ बगळा दिसला तर समजा, तिथे मासे नाहीत.

---

मांडवीपार
रविवार, रात्री ९.३०, धागा वर काढतोय

दोन आठवडे झाले. आज पुन्हा बसलो, त्याच जागी. आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं (हसू नका) आणि ओहोटी धरून गेलो. एकाच बैठकीत पुरं करायचं असं ठरवून छोटा कागद घेतला, पाव आकाराचा.

आकाश आणि शेत एकाच फिक्या वॉशमध्ये, कागद पूर्ण ओला. तो ओला असतानाच लांबचा डोंगर, ब्रश टिपून. पहिल्यांदाच डोंगराची कड हवेत विरघळली आणि मी तिला हात लावला नाही. भात आता निळसर झालंय, ताई म्हणाल्या तसंच, म्हणून लेमन बंद ठेवला, प्रशियन आणि ऑकर. बांधालगत सिएनाचं बोट. मधे सर आली, छत्रीखाली दहा मिनिटं कागद छातीशी धरून बसलो. एक थेंब शेतावर पडलाच, तिथे एक फिका गोल झालाय. ठेवलाय तसाच.

चिखल रंगवायला सगळ्यात जास्त मजा आली. ओला चिखल करडा वाटतो, पण त्यात आकाश पडलेलं असतं. वरच्या वॉशमधलाच रंग खाली ओढला, त्यावर कडेला अल्ट्रामरिन-सिएनाचा दाट फटकारा. मानशीचे चिरे ओले होते. सुके असताना नारिंगी दिसतात ते आज पिकल्या करवंदासारखे होते. दारं उघडी, पाणी बाहेर धावतंय, आणि बगळे सात. मोजून सात, नुस्त्याक भाऊ.

आवरतच होतो आणि ते काका आले. छत्री मिटून मागे उभे राहिले. मी बोललोच नाही, परीक्षेच्या निकालासारखा बसलो. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, "मानस बरी जाल्या."

मी हसलो. तेवढ्यात पुढे वाकून बोट दाखवलं: "पूण बांद इतलो नीट? फूटपट्टी धरून काडला? कुल्ल्यांचीं बिळां खंय?"

---

खाजनकन्या
रविवार, रात्री ९.५५

खेकड्यांची बिळं!! आजोबा दर आठवड्याला तीच बुजवत फिरायचे. बांध फुटतो तो तिथूनच.

---

जलरंगी
रविवार, रात्री १०.१०

बिळांना बर्न्ट सिएना-अल्ट्रामरिन दाट, ब्रशचं टोक टेकवून उचलायचं. ओळीत नकोत, भरतीच्या रेषेच्या आसपास घोळक्याने. आणि मांडवीपार, थेंबाचा तो गोल ठेवलात ते बरं केलंत.

---

नुस्त्याक_गेलो
रविवार, रात्री १०.२५

पुढच्या रविवारी साडेसातला भरती आहे, बिळं पाण्याखाली असतील. त्याच्या पुढच्या रविवारी या. मीही येतो, तुम्ही बिळं काढा, मी कुल्ल्यो काढतो.